खरबूज, कलिंगड, चिबूड: परसबागेतलं बी पुढच्या वर्षासाठी कसं धरावं

खरबूज गोड निघालं की बिया धुवायच्या, कागदावर वाळत टाकायच्या आणि पुढच्या जानेवारीत लावायच्या, एवढंच बहुतेक घरांत केलं जातं. वेल उगवते, फळंही धरतात, पण चव भलतीच येते. गर फिका, साल जाड, कधी तर चक्क कडू. अशा वेळी खताला आणि पाण्याला दोष दिला जातो. खरं कारण बरेचदा मागच्या वर्षीच्या फुलात असतं: त्या फुलावर पराग कुठल्या वेलीचा पडला, हे कोणी पाहिलेलंच नसतं. म्हणून चांगलं बी हवं असेल तर कामाला फळ कापायच्या महिना-सव्वा महिना आधी, फूल उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी लागावं लागतं.

खाली सगळं क्रमानं दिलं आहे. चौथ्या आणि सातव्या पायरीत सगळ्यात जास्त चुका होतात, त्या दोन तरी शांतपणे वाचा.

हाताशी काय असावं

- कागदी चिकटपट्टी (रंगकाम करणारे वापरतात ती) किंवा मलमलच्या छोट्या पिशव्या
- लाल किंवा निळी लोकर, खुणेसाठी
- काचेची वाटी किंवा बरणी, बारीक जाळीची गाळणी
- स्टीलचं ताट किंवा ताणून बांधलेलं सुती कापड
- घट्ट झाकणाची काचेची बाटली, कागदी पाकिटं, शिसपेन्सिल
- सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) किंवा वाटीभर तांदूळ (कोकण, गोवा, मुंबईकडे हे लागतंच)

१. हे वाण बी धरण्याजोगं आहे का?

बियाण्याच्या पाकिटावर ‘संकरित’, ‘हायब्रीड’ किंवा ‘एफ-१’ लिहिलं असेल तर त्या फळाचं बी पुढच्या वर्षी आईसारखं फळ देत नाही. ते वांझ नसतं, उगवतं नीट. पण प्रत्येक वेल वेगळी निघते. बाजारातली एकसारख्या आकाराची, दूरवर पाठवता येणारी खरबुजं आणि लांबट गडद कलिंगडं बहुतेक संकरित असतात. त्यांचं बी गंमत म्हणून लावा, वर्षभराची आशा त्यावर ठेवू नका. बिनबियांच्या कलिंगडात दिसणाऱ्या पांढऱ्या मऊ बिया तर उगवतच नाहीत.

बी धरायला सरळ वाण हवं, म्हणजे ज्याचं बी पेरलं की पुन्हा तसंच फळ येतं ते. खरबुजात लुधियानाच्या कृषी विद्यापीठाचं हरा मधू, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं पुसा शरबती, बंगळुरूच्या फलोत्पादन संस्थेची अर्का जीत आणि अर्का राजहंस ही सरळ वाणं आहेत. कलिंगडात शुगर बेबी आणि अर्का माणिक. नावावरून अंदाज बांधू नका: अर्का माणिक सरळ आहे, पण अर्का ज्योती संकरित. पाकीट वाचूनच ठरवा. गावठी चिबूड, वाळूक, शेंदाड यांचं बी घरोघर राखलेलं असतं, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही. परसबागेत सुरुवात करायची तर माझं मत गावठी वाणाच्या बाजूनं आहे. ते आपल्या मातीत मुरलेलं असतं आणि दुकानात मिळत नाही, म्हणून राखण्याची खरी गरज त्यालाच आहे.

२. कोणाचा कोणाशी संकर होतो, ते आधी समजून घ्या

खरबूज, चिबूड, वाळूक, शेंदाड आणि लांब सापासारखी ‘तर’ नावाची काकडी दिसायला कितीही वेगळी असली, तरी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ही सगळी एकाच जातीची, ‘कुकुमिस मेलो’. मधमाशीनं एकाचा पराग दुसऱ्यावर नेला की संकर ठरलेला. बांधावर आपोआप उगवलेलं रानटी शेंदाड हा यातला सगळ्यात मोठा धोका, कारण त्याचा कडूपणा पुढच्या पिढीत उतरू शकतो.

साधी काकडी आणि तवसं ही वेगळी जात आहे. तिचा खरबुजाशी संकर होत नाही. काकडीशेजारी खरबूज लावलं म्हणून ते पाणचट झालं, असं बरेच जण सांगतात, ते खरं नाही. पाणचटपणा येतो तो फळ पिकताना जास्त पाणी दिल्यानं किंवा भुरी-केवडा या बुरशीजन्य रोगांनी पानं गेल्यानं. कलिंगडही वेगळंच, त्याचा संकर फक्त दुसऱ्या कलिंगडांशी आणि त्याच्या रानटी भाऊबंदांशी, म्हणजे कडू वृंदावनाशी, होऊ शकतो.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करू. परका पराग पडला तरी यंदाच्या फळाची चव बदलत नाही. गर आईचाच असतो. बदल असतो तो बियाच्या पोटात, आणि तो पुढच्या वर्षी दिसतो. म्हणून ‘फळ तर मस्त होतं, मग बी का बिघडलं?’ हा प्रश्न पडतो.

प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांत किमान ५०० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी (ज्यापासून प्रमाणित बियाणं तयार करतात) १००० मीटर अंतर ठेवायचा नियम आहे. घरच्या बागेत हे कोणाला जमणार? आजूबाजूला कोणी या वर्गातलं काही लावलेलं नसेल आणि तुमच्याकडे एकच वाण असेल, तर मधमाश्यांवर सोडून दिलं तरी बरेचदा निभावतं. शंका असेल तर हातानं परागीभवन करा.

३. आधी वेल निवडा, मग फळ

सगळ्यात मोठं फळ बियाला ठेवायचं, ही सवय सोडा. पाहायची ती वेल. लवकर फुलणारी, निरोगी पानांची, दोन-तीन सारखी चांगली फळं देणारी वेल निवडा. एखादंच मोठं फळ हे बरेचदा त्या वेलीला मिळालेल्या जास्तीच्या खता-पाण्याचं फळ असतं.

पानं आकसलेली, पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांची, शेंडे चुरगळलेले दिसले तर तो विषाणूजन्य मोझॅक. काही विषाणू बियातून पुढे जातात. खोडातून तपकिरी डिंक गळत असेल तर तो डिंक्या, आणि उन्हं वर आली की एकेक फांदी माना टाकत असेल तर मर. या तिन्ही रोगांच्या वेलींचं बी घेऊ नका, फळ कितीही गोड लागो. भुरी मात्र बियातून जात नाही. शेवटी शेवटी पानांवर थोडी भुरी आली म्हणून वेल बाद करायची गरज नाही.

जागा असेल तर पाच-सहा वेलींचं बी एकत्र करा, म्हणजे वाणातली विविधता टिकते. गच्चीवर दोनच वेली असल्या तरी हरकत नाही. या वर्गातली पिकं जवळच्या नात्यातलं परागीभवन बरंच सोसतात.

४. संध्याकाळी फूल बांधा, सकाळी परागीभवन करा

पेरणीनंतर साधारण महिन्या-सव्वा महिन्यात फुलं येतात. आधी येतात ती नुसती नरफुलं, पानांच्या बेचक्यात झुबक्यानं. ती गळाली की नवखे लोक घाबरतात. पण ती गळण्यासाठीच असतात. आठ-दहा दिवसांनी बाजूच्या फांद्यांच्या पहिल्या-दुसऱ्या पेरावर एकेकटी फुलं दिसतात आणि त्यांच्या पाकळ्यांखाली इवलंसं लवदार फळ असतं. तीच फळ धरणारी फुलं. खरबुजाच्या बऱ्याच वाणांत अशा फुलात परागकोशही असतात, पण पराग चिकट असल्यामुळे मधमाशी किंवा तुमचं बोट आल्याशिवाय तो जागचा हलत नाही.

*आदली संध्याकाळ, पाचनंतर.* उद्या उमलणारी कळी ओळखायची खूण अशी: टोकाला पिवळा रंग आलेला असतो, पाकळ्या मात्र मिटलेल्या. हिरवी कळी अजून दोन-तीन दिवस घेणार. पूर्ण उघडलेलं फूल बाद, कारण त्यावर मधमाशी येऊन गेली. अशा पिवळ्या टोकाच्या कळीवर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावून ती बंद करा. फळाच्या कळीइतकंच नरकळ्याही बांधणं गरजेचं आहे. इथेच बहुतेकांची चूक होते: मादीफूल जपून बांधतात आणि सकाळी उघडं नरफूल तोडून आणतात. त्या नरफुलावर मधमाशीनं दुसऱ्या वेलीचे पराग आधीच सांडलेले असू शकतात. एका फळाच्या कळीमागे दोन-तीन नरकळ्या बांधा, त्याच वाणाच्या, शक्यतो वेगळ्या वेलीवरच्या.

*दुसरी सकाळ, सहा ते आठ.* नरफूल देठासकट तोडा, पट्टी काढा, पाकळ्या सोला. मधला पिवळा दांडा उरतो. नखावर टेकवून पाहा, पिवळी पूड लागली पाहिजे. आता फळाच्या फुलाची पट्टी हळूच उघडा आणि मधल्या तीन पाळ्यांच्या कुक्षीवर तो दांडा अलगद फिरवा, तिन्ही पाळ्यांना पराग लागेल असा. घासू नका, कुक्षीला इजा झाली की फूल गळतं. लगेच पाकळ्या मिटून पुन्हा पट्टी लावा किंवा मलमलची पिशवी चढवा. प्लॅस्टिकची पिशवी अजिबात नको, आत वाफ धरून फूल शिजतं. देठाला लोकर सैल बांधा. देठ पुढे जाड होणार आहे.

ऊन चढलं की परागाची ताकद जाते. एप्रिल-मेमध्ये नऊनंतर केलेलं परागीभवन सहसा फुकट जातं.

तीन-चार दिवसांत इवलं फळ मान खाली घालून फुगायला लागलं तर जमलं. पिवळं पडून गळलं तर दुसरं फूल घ्या. खरबुजात पाच फुलांमागे एखादं टिकलं तरी चांगलं समजा, म्हणून सुरुवातीलाच आठ-दहा फुलं बांधायची तयारी ठेवा. कलिंगडात मादीफूल मोठं असल्यामुळे हात सोपा बसतो.

वेलीवर आधीच दोन-तीन फळं वाढत असतील तर ती नवीन फळ धरत नाही, धरलं तरी टाकते. बियासाठी राखलेल्या वेलीवरची मधमाश्यांनी धरवलेली लहान फळं आधी काढून टाका. जीवावर येतं, पण याशिवाय हातानं केलेलं फळ टिकत नाही. फळ लिंबाएवढं झालं की कागदी किंवा कापडी पिशवीत घाला, नाहीतर फळमाशी डंख मारते आणि आत अळ्या होतात.

५. फळ पुरतं पिकू द्या

खरबुजाच्या जाळीदार वाणांत देठाभोवती गोल चीर पडते आणि हलक्या हातानं फळ देठापासून सुटतं. ती योग्य वेळ. काही गुळगुळीत सालीची वाणं देठ सोडत नाहीत. तिथे रंग बदलणं आणि फुलाकडच्या टोकाचा वास यावर जा. कलिंगडात फळाच्या देठाजवळचा कुरळा तणावा पूर्ण वाळलेला हवा आणि जमिनीला टेकलेला डाग पांढऱ्याचा पिवळा झालेला हवा. टिचकी मारून येणाऱ्या आवाजावर एकट्यावर विसंबू नका, त्याला कान तयार लागतो.

चिबूड पावसाबरोबर जूनमध्ये लावतात आणि तो गणपतीच्या सुमारास तयार होतो. गोव्यात माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-फुलांच्या छताला, त्याचा मान असतो. पण तेव्हा पाऊस चालू असतो. बियाला ठेवलेला चिबूड तडकला तर भेगेत पाणी शिरून दोन दिवसांत सडतो. रंग पूर्ण आला आणि वास सुटला की काढून घरात ठेवा.

काढलेलं फळ लगेच कापू नका. खरबूज, चिबूड तीन-चार दिवस, कलिंगड आठवडाभर सावलीत ठेवा. या काळात बी आतल्या आत आणखी भरतं. मात्र फार लांबवलं तर फळातच बियांना मोड येतात, आणि मोडाचं बी साठवता येत नाही.

कापल्यावर आधी चव घ्या. या पिकाची हीच सोय आहे, खायचं फळ आणि बियाचं फळ एकच. फिकं निघालं तर खाऊन टाका, बी धरू नका. कडू निघालं तर खाऊही नका: तो कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यांचा असतो आणि त्यानं उलट्या-जुलाब होऊ शकतात.

६. बी काढा, आंबवा, धुवा

खरबूज आणि चिबडाच्या बियांभोवती बुळबुळीत आवरण असतं. ते राहिलं तर बिया एकमेकींना चिकटतात आणि बुरशी धरतात. गरासकट बिया चमच्यानं काचेच्या वाटीत काढा, चमचा-दोन चमचे पाणी घाला, वर कापड झाका आणि सावलीत ठेवा. थंडीत दीड-दोन दिवस लागतात. उन्हाळ्यात संध्याकाळी ठेवलं तर दुसऱ्या दिवशी सकाळीच पाहा, बहुधा तयार असतं. आंबूस वास आला, फेस दिसला आणि बोटांत चोळल्यावर बी खरखरीत लागलं की थांबा. पाणी जास्त घालून विसरलात तर बिया आंबण्याऐवजी भिजून मोड काढतात.

मग भांडंभर पाणी ओता, ढवळा, मिनिटभर थांबा. भरलेलं बी तळाशी बसतं, पोचट बी आणि गर वर येतो. वरचं ओतून द्या. असं तीन-चार वेळा, पाणी नितळ होईपर्यंत.

कलिंगडाला आंबवायची गरज नाही. गाळणीत चोळून धुतलं की पुरे. तिथे तरंगणारं प्रत्येक बी पोचट नसतं, म्हणून फेकण्याआधी दाबून पाहा.

७. वाळवणं

बी खराब होतं ते बहुतेक वेळा इथे. दोन टोकांच्या चुका होतात: देशावर बी भाजलं जातं, कोकणात ते कधी वाळतच नाही.

मे महिन्यात गच्चीवर पत्र्यावर किंवा स्टीलच्या ताटात टाकलेलं ओलं बी दुपारपर्यंत इतकं तापतं की आतला अंकुर मरतो. बाहेरून बी छान कोरडं दिसतं, उगवत मात्र नाही. ३५ अंशांच्या वर तापू देऊ नका. सावलीत, वारा खेळेल अशा जागी, एकेरी थरात पसरा. सकाळी आठपर्यंतचं कोवळं ऊन चालेल. पंखा लावला तर उत्तम. वर्तमानपत्रावर टाकू नका, बी कागदाला चिकटतं आणि सोडवताना साल निघते. ताट किंवा ताणलेलं कापड बरं. पहिल्या दिवशी तीन-चार वेळा हात फिरवून बिया सुट्या करा. पाच ते आठ दिवस द्या.

वाळलं की नाही, ते हातानं कळतं. खरबुजाचं बी दोन बोटांत वाकवा: कट्‌ आवाज होऊन तुटलं पाहिजे. वाकलं, तर अजून ओल आहे. बियाण्याच्या नियमात साध्या पिशवीसाठी ७ टक्के आणि हवाबंद डब्यासाठी ६ टक्के ओलावा ही कमाल मर्यादा आहे; घट्ट बाटलीत भरायचं बी म्हणूनच जास्त कोरडं लागतं.

पावसाळ्यात कोकणात कितीही दिवस पसरलं तरी बी या पातळीला येत नाही, कारण हवेतच ओल असते. जुन्या घरांत बी राखेत घोळवून ठेवतात, ते यासाठीच: कोरडी राख ओल ओढते आणि किडीलाही दूर ठेवते. घरात चूल नसेल तर सिलिका जेल घ्या. बियाच्या वजनाइतकं जेल बरणीत, बी कापडी पुरचुंडीत त्यावर, झाकण घट्ट, आठवडाभर. जेल नसेल तर तांदूळ मंद आचेवर कोरडे, हलके तांबूस होईपर्यंत भाजा, बंद बरणीतच गार करा आणि अर्धी बरणी तांदूळ ठेवून वर पुरचुंडी ठेवा. दोन आठवडे लागतील. गरम तांदळावर बी ठेवू नका. निळ्या रंगाचं सिलिका जेल पुन्हा तापवायचं असेल तर स्वयंपाकाच्या कढईत नको, त्या निळ्या रंगात विषारी कोबाल्ट असतं. नारिंगी रंगाचं घेतलं तर ही काळजी टळते.

८. बाटली, चिठ्ठी, जागा

पाकिटावर शिसपेन्सिलीनं लिहा: वाणाचं नाव, बी कोणाकडून आलं, फळ काढल्याची तारीख, किती वेलींचं, हातानं परागीभवन केलं की मोकळं, आणि चवीबद्दल एक ओळ. तशीच चिठ्ठी पाकिटात आतही ठेवा. पाकिटं घट्ट बाटलीत, बाटली कपाटाच्या थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात किंवा फ्रिजच्या खालच्या खणात. फ्रिजमधून काढल्यावर बाटली खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर थंड बियांवर दव धरतं.

स्वयंपाकघरातला ओट्यावरचा फडताळ टाळा, तिथे ऊब आणि वाफ दोन्ही असतात. उंदरांना हा मगज फार आवडतो. प्लॅस्टिकची पिशवी त्यांच्यापुढे टिकत नाही.

नीट वाळवलेलं, थंड ठेवलेलं खरबूज-कलिंगडाचं बी चार-पाच वर्षं उगवतं. सगळं एकाच हंगामात पेरून टाकू नका. पाऊस, मोकाट जनावरं, रोग, काहीही होऊ शकतं. निम्मं बी कायम बाटलीत राहू द्या.

जास्तीचं बी वाटायला संकोच नको. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावानं विकता येत नाही, इतकंच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांची बँक अशाच देवाणघेवाणीवर उभी केली.

९. पेरणीआधी उगवण तपासा

पेरणीच्या पंधरा दिवस आधी २० बिया मोजून ओल्या सुती फडक्यात ओळीनं ठेवा, गुंडाळी करा, पिशवीत घालून उबदार जागी ठेवा. फडकं ओलसर हवं, पिळल्यावर पाणी गळेल इतकं ओलं नको. चौथ्या आणि आठव्या दिवशी मोजा. १६ किंवा जास्त उगवल्या तर निर्धास्त राहा. १२ म्हणजे ६० टक्के, प्रमाणित बियाण्याची किमान मर्यादा. मग एका जागी दोन-दोन बिया टाका. दहाच्या खाली आलं तर बाटलीतलं जुनं बी काढा किंवा नवं मिळवा. मोड आलेल्या बिया फेकू नका, माती भरलेल्या पिशवीत लावा.

१०. पेरताना

उन्हाळी खरबूज-कलिंगडाला जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. माती गार असताना घाई केली तर बी कुजतं. पाच-सहा तास कोमट पाण्यात भिजवा, निथळा, चिमूटभर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) चोळा (मोठ्या प्रमाणावर किलोला ५ ग्रॅम) आणि दीड-दोन सेंटीमीटर खोल, बी आडवं ठेवून पेरा. नवं बी आणि जुनं बी वेगळ्या आळ्यांत लावा आणि आळ्याशेजारी पाकिटावरची तारीख लिहिलेली काडी रोवा. फुलं आली की पट्टी कुठल्या वेलीवर बांधायची, ते त्या काडीवरून ठरवता येतं.